पदक छातीवर, पदवी नावात: परदेशी 'ऑर्डर'पासून घरच्या ट्रंकेतल्या मेडलपर्यंत

जुलै २०२३मध्ये पॅरिसहून बातमी आली की फ्रान्सने पंतप्रधान नरेंद्र मोदी यांना 'लिजन ऑफ ऑनर'चा 'ग्रँड क्रॉस' दिला. हाच 'लिजन ऑफ ऑनर' त्याच्या कितीतरी आधी लता मंगेशकरांना मिळाला होता, तेव्हा बातमीत शब्द होता 'ऑफिसर'. २०१४मध्ये शाहरुख खान यांना मिळाला तेव्हा शब्द होता 'नाइट'. सन्मान एकच आणि नावं तीन. पुढेही अशा बातम्या येत राहिल्या: रशियाची 'ऑर्डर ऑफ सेंट अँड्र्यू', भूतानची 'ऑर्डर ऑफ द द्रुक ग्याल्पो', नायजेरियाची 'ऑर्डर ऑफ द नायजर'. मथळा बहुतेक ठरलेला असतो, 'सर्वोच्च नागरी सन्मान'.

त्यासोबत प्रश्नही ठरलेले असतात. ही 'ऑर्डर' म्हणजे नेमकं काय? तिच्यात हा क्रॉस कुठून आला? आपल्या राज्यघटनेत परदेशी किताब घ्यायला बंदी आहे ना, मग हे कसं चालतं? परमवीर चक्र हेही पदक, पद्मश्री हेही पदक आणि पणजोबांच्या ट्रंकेत फडक्यात गुंडाळलेलं ते चांदीचं गोल हेही पदकच. मग यात फरक काय?

फरक मोठा आहे. तो समजून घेतला नाही तर चकचकीत गोष्टीकडे आपलं लक्ष जातं आणि ज्याच्यापुढे मान झुकवावी ते नजरेतून निसटतं. म्हणून मुळापासून सुरुवात करू.

ऑर्डर म्हणजे हुकूम नव्हे

पंढरीची वारी करणारा माणूस गळ्यात तुळशीची माळ घालतो. ती माळ त्याला कुणी बक्षीस म्हणून दिलेली नसते. 'माळ घेतली' याचा अर्थ तो संप्रदायात आला आणि त्याने काही नेम पाळायचं कबूल केलं. माळ ही त्याची खूण.

युरोपातली 'ऑर्डर' मुळात अशीच होती, व्रत घेतलेल्या माणसांचा संघ. जेरुसलेमसाठी झालेल्या धर्मयुद्धांच्या काळात यात्रेकरूंची शुश्रूषा आणि रक्षण करणारे संघ उभे राहिले. त्यातल्या 'हॉस्पिटलर' संघाला पोपने १११३मध्ये मान्यता दिली. हे लोक साधूंसारखी व्रतं घेत, सैनिकांसारखे लढत आणि अंगरख्यावर क्रूस लावत. आज एखाद्या देशाच्या पदकाचा आकार क्रूसासारखा दिसतो तो याच अंगरख्यावरून उतरलेला आहे. पदक देणाऱ्या आजच्या सरकारचा धर्माशी संबंध असतोच असं नाही, आकार मात्र मागे राहिला आहे.

या सगळ्याचा एक धागा थेट आपल्या किनाऱ्याला येऊन लागतो. 'टेम्पलर' नावाचा असाच एक बलाढ्य संघ बरखास्त झाल्यावर पोर्तुगालमध्ये १३१९मध्ये त्याच्या जागी 'ऑर्डर ऑफ ख्राइस्ट' स्थापन झाली. पुढे पोर्तुगालचा राजपुत्र हेन्री तिचा कारभारी झाला आणि तिचा पैसा समुद्रमोहिमांकडे वळला. पोर्तुगीज जहाजांच्या शिडांवर जो लाल क्रूस चितारलेला दिसतो तो या ऑर्डरचा. गोवा आणि कोकणच्या लोकांनी ती शिडं पाहिली तेव्हा हे कुठल्याशा संघाचं बोधचिन्ह आहे, हे त्यांना कुठून ठाऊक असणार? आज तीच 'ऑर्डर ऑफ ख्राइस्ट' पोर्तुगीज सरकारचा एक राष्ट्रीय सन्मान आहे. व्रतस्थ योद्ध्यांचा संघ, मग मोहिमांची तिजोरी आणि आता राष्ट्राध्यक्षांच्या हातून मिळणारं पदक, असा सातशे वर्षांचा तिचा प्रवास.

मधल्या काळात ही कल्पना राजांनी उचलली. इंग्लंडच्या तिसऱ्या एडवर्डने १३४८च्या सुमारास 'ऑर्डर ऑफ द गार्टर' काढली. त्यात राजा, युवराज आणि निवडक चोवीस सरदार. बर्गंडीच्या ड्यूकने १४३०मध्ये 'गोल्डन फ्लीस' काढली. या ऑर्डरी म्हणजे राजाच्या अगदी जवळच्या माणसांचं मंडळ. आत घेतलेला माणूस राजाशी एकनिष्ठ राहण्याला बांधलेला. कुणी मोठं काम केलं म्हणून पाठ थोपटणं हा त्यामागचा मुख्य हेतू नव्हता.

हे सगळं बदललं नेपोलियनने. फ्रेंच राज्यक्रांतीने राजेशाहीच्या काळातले मानसन्मान मोडीत काढले होते. नेपोलियनने १८०२मध्ये 'लिजन ऑफ ऑनर' स्थापन केला आणि त्याचं दार घराणं न पाहता सगळ्यांना उघडलं. साधा शिपाई, शास्त्रज्ञ आणि सेनापती एकाच मंडळाचे सदस्य होऊ लागले. ही तर खेळणी आहेत, अशी टीका झाली तेव्हा माणसं अशाच खेळण्यांनी पुढे नेता येतात, असं तो म्हणाल्याची नोंद आहे. जगातल्या बहुतेक देशांनी पुढे आपापल्या ऑर्डरी बेतल्या त्या या फ्रेंच नमुन्यावरून.

तीन पदकं, तीन वाक्यं

आता मूळ फरकाकडे येऊ. कुठलंही पदक हातात आलं की ते काय म्हणतंय ते ऐकायचं. मला तरी त्यात तीन वेगळी वाक्यं ऐकू येतात.

ऑर्डर म्हणते, 'तू आमचा आहेस.' एका मंडळात तुला स्थान दिलं, एवढाच त्याचा अर्थ. त्यासाठी एखादी विशिष्ट कृती दाखवावी लागतेच असं नाही. आयुष्यभराचं काम पुरतं, आणि कधीकधी नुसतं पदही पुरतं.

दुसरा प्रकार शौर्यपदकाचा. इंग्रजीत याला 'डेकोरेशन' म्हणतात. आपल्याकडे डेकोरेशन म्हटलं की गणपतीची आरास डोळ्यासमोर येते, म्हणून तो शब्द मी टाळतो. शौर्यपदकाचं वाक्य असतं, 'तू हे केलंस.' अमुक दिवशी, अमुक ठिकाणी, अमुक कृत्य. त्यासोबत त्या कृत्याचा लेखी वृत्तान्त असतो. सेकंड लेफ्टनंट रामा राघोबा राणे हे मूळचे कारवारकडचे, 'बाँबे सॅपर्स' या लष्करी अभियंत्यांच्या दलाचे अधिकारी. एप्रिल १९४८मध्ये, काश्मीरच्या युद्धात, नौशेराहून राजौरीकडे जाणाऱ्या रस्त्यावर सुरुंग आणि तोडून टाकलेली झाडं यांनी रणगाड्यांची वाट अडली होती. राणे आणि त्यांच्या माणसांनी शत्रूच्या माऱ्याखाली, स्वतः जखमी असताना, दिवसामागून दिवस तो रस्ता मोकळा केला. त्यांना परमवीर चक्र मिळालं आणि ते जिवंतपणी मिळवणारे ते पहिले. या पदकामागे 'देशसेवेबद्दल' असं मोघम काही नाही. त्याच्यामागे एक रस्ता आहे आणि काही तारखा आहेत.

तसेच नामदेव जाधव. पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीचे शिपाई. ९ एप्रिल १९४५ रोजी इटलीत सेनिओ नदीच्या काठी सुरुंगांनी भरलेल्या जागेतून त्यांनी जखमी सोबत्यांना बाहेर काढलं, मग एकट्याने शत्रूच्या मशिनगनच्या जागा गप्प केल्या आणि बांधावर चढून मराठ्यांची युद्धगर्जना केली. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांच्याच रेजिमेंटमधल्या यशवंत घाडगे यांना आदल्या वर्षी, जुलै १९४४मधल्या इटलीतल्याच पराक्रमाबद्दल, तो मरणोत्तर मिळाला होता. व्हिक्टोरिया क्रॉस १८५६पासून होता. तो मिळण्याचा हक्क हिंदी सैनिकांना दिला गेला तो १९११मध्ये. तोवरच्या पंचावन्न वर्षांत आपली माणसं त्याच सैन्यात लढत होती, मरत होती आणि या पदकाच्या यादीबाहेर होती.

तिसरं साधं पदक, म्हणजे मेडल. त्याचं वाक्य सगळ्यांत छोटं: 'तू तिथे होतास.' सियाचीन हिमनदीवर ठरावीक काळ सेवा केली की सियाचीन ग्लेशियर मेडल. १९७१च्या युद्धात पूर्वेला होते त्यांना 'पूर्वी स्टार', पश्चिमेला होते त्यांना 'पश्चिमी स्टार'. नऊ, वीस, तीस वर्षं सेवा झाली की दीर्घ सेवेची पदकं. १५ ऑगस्ट १९९७ रोजी जे सेवेत होते त्यांना स्वातंत्र्याच्या पन्नासाव्या वर्षाचं पदक मिळालं. इथे निवड समिती नसते, अटी पूर्ण झाल्या की पदक हक्काने येतं. म्हणून ते कमी ठरतं असं मात्र मी मानणार नाही. सियाचीनवर नुसतं 'असणं' काय असतं ते तिथे गेलेल्यालाच विचारावं.

तीनही वाक्यं छातीवर शेजारी शेजारी लागतात आणि लांबून सारखीच दिसतात. घोटाळा होतो तो त्यामुळे.

नाइट, ऑफिसर, ग्रँड क्रॉस: ही काय भानगड?

ऑर्डर हे मंडळ असल्यामुळे त्यात पायऱ्या असतात. लिजन ऑफ ऑनरमध्ये पाच आहेत. खालून वर: नाइट, ऑफिसर, कमांडर, ग्रँड ऑफिसर, ग्रँड क्रॉस. पायरी कुठली ते पदक लावायच्या जागेवरूनच कळतं. नाइट छातीवर डावीकडे लाल फितीला अडकवलेलं छोटं पदक लावतो. ऑफिसरच्या फितीवर एक छोटं गोल फूल असतं. कमांडरचं पदक गळ्यात येतं. ग्रँड ऑफिसरच्या छातीवर ताऱ्यासारखं मोठं चिन्ह असतं. ग्रँड क्रॉसला उजव्या खांद्यावरून खाली आलेला रुंद लाल पट्टा. लग्नात कुणाला उपरणं, कुणाला शालजोडी आणि कुणाला फेटा बांधायचा हे जसं नात्यावरून ठरतं, तसं इथे पायरीवरून.

तेव्हा शाहरुख, लताबाई आणि पंतप्रधान यांच्या बातम्यांतली तीन नावं म्हणजे एकाच जिन्याच्या तीन पायऱ्या. गायिकेपेक्षा पंतप्रधानाची पायरी वर, हा मोठेपणाचा निवाडा नाही. राष्ट्रप्रमुखांना आणि सरकारच्या प्रमुखांना सर्वांत वरची पायरी द्यायची असा राजशिष्टाचार आहे. लताबाईंची पायरी त्यांच्या गाण्याने मिळवलेली, पंतप्रधानांची पायरी त्यांच्या पदामुळे ठरलेली. या दोहोंची तुलना करायला गेलं की वाद होतो आणि तो वाद निरर्थक असतो.

शेजारच्या पाकिस्तानात या पायऱ्यांची नावं आपल्याला लगेच समजतील अशी आहेत. खालून तमगा, सितारा, हिलाल आणि सर्वांत वर निशान. हिलाल म्हणजे चंद्रकोर, सितारा म्हणजे तारा. १९९८मध्ये दिलीपकुमार यांना 'निशान-ए-इम्तियाज' मिळाला. इम्तियाज हे ऑर्डरचं नाव आणि निशान ही तिची वरची पायरी, एवढं कळलं की नाव सुटतं.

आपलीही सुरुवात अशीच झाली होती. जानेवारी १९५४मध्ये भारतरत्नाबरोबर 'पद्मविभूषण' सुरू झालं तेव्हा त्याचे तीन वर्ग होते आणि नावंही सरळ पहिला वर्ग, दुसरा वर्ग, तिसरा वर्ग अशी. वर्षभरातच, जानेवारी १९५५मध्ये, त्यांची पद्मविभूषण, पद्मभूषण आणि पद्मश्री अशी नावं झाली. हे फार बरं झालं. एखाद्या लोककलावंताला 'तिसरा वर्ग' म्हणून बोलावणं आणि 'पद्मश्री' म्हणून बोलावणं यात किती अंतर आहे!

पण घटनेने तर किताबांवर बंदी घातली आहे ना?

हा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. घटनेचं कलम १८ सांगतं की सैनिकी किंवा शैक्षणिक श्रेष्ठता सोडून राज्यसंस्था कुणाला किताब देणार नाही आणि भारताचा नागरिक परदेशी राज्याचा कोणताही किताब स्वीकारणार नाही.

इथे 'किताब' हा शब्द नीट समजून घ्यायला हवा, आणि त्यासाठी मराठी माणसाला लांब जायची गरज नाही. शिवाजी महाराजांनी कुडतोजी गुजरांना 'प्रतापराव' हा किताब दिला, हंसाजी मोहित्यांना 'हंबीरराव'. आज इतिहासाची पुस्तकं चाळणाऱ्यांपैकी किती जणांना कुडतोजी हे नाव आठवतं? किताब नावात शिरतो आणि कधी नावाचीच जागा घेतो. सोन्याचं कडं किंवा मानाची वस्त्रं मात्र अंगावर येतात, नाव तसंच राहतं.

इंग्रजांनी किताबांचं हे तंत्र पुरेपूर वापरलं. रावसाहेब, रावबहादूर, दिवाणबहादूर अशा चढत्या पायऱ्या केल्या. 'ऑर्डर ऑफ ब्रिटिश इंडिया'च्या पहिल्या वर्गातल्या हिंदी अधिकाऱ्याला 'सरदार बहादूर' आणि दुसऱ्या वर्गातल्याला 'बहादूर' म्हणायचं. पत्रावर, पाटीवर, लग्नपत्रिकेत ते छापलं जायचं. ज्याच्या नावात किताब तो मोठा आणि बाकीचे किरकोळ, असा समाज त्यातून घडत होता. घटनाकारांना मोडायचं होतं ते हे. किताब न स्वीकारणं हा नागरिकाचा हक्क नसून त्याच्यावरचं कर्तव्य आहे, असं डॉ. आंबेडकरांनी संविधान सभेत स्पष्ट केलं होतं.

मग भारतरत्न आणि पद्म हे किताब झाले का? हा वाद संसदेत गेला. १९६९मध्ये आचार्य कृपलानींनी असे सन्मान बंद करण्यासाठी विधेयक आणलं होतं. १९७७मध्ये मोरारजी देसाईंच्या सरकारने ते खरोखरच बंद केले आणि जानेवारी १९८०मध्ये ते पुन्हा सुरू झाले. पुढे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. १५ डिसेंबर १९९५ रोजी बालाजी राघवन खटल्यात न्यायालयाने निकाल दिला की हे राष्ट्रीय सन्मान किताब नाहीत, पण एका अटीवर: नावाच्या मागे किंवा पुढे ते लावायचे नाहीत.

म्हणजे सीमारेषा नेमकी तीच, छातीवर चालेल, नावात नाही. कार्यक्रमपत्रिकेवर 'पद्मश्री अमुक तमुक' छापणारे आयोजक हे आदरापोटीच करतात, पण त्या सन्मानाच्या मुळावर घाव घालतात. 'यांना २०१० साली पद्मश्री मिळाली' असं परिचयात लिहिलं तर आदर तितकाच राहतो आणि नियमही मोडत नाही.

'मग लोकमान्य, महात्मा यांचं काय?' असा पुढचा प्रश्न येतो. कलम १८ राज्यसंस्थेला बांधतं, लोकांना नाही. टिळकांना लोकमान्य कुठल्या सरकारने केलं नाही. जोतीराव फुल्यांना १८८८मध्ये मुंबईत भरलेल्या सभेत लोकांनी महात्मा म्हटलं. त्या शब्दामागे ना राजमुद्रा होती, ना राजपत्र.

परत करायचं झालं तर

पदक आणि पदवी यांतला फरक दोन राजीनाम्यांवरून फार स्वच्छ दिसतो. रवींद्रनाथ ठाकुरांना १९१५मध्ये इंग्रज सरकारने 'सर' केलं होतं. जालियनवाला बागेनंतर, मे १९१९च्या अखेरीस, त्यांनी व्हाइसरॉयला पत्र लिहून या पदवीतून मोकळं करण्याची मागणी केली. ती वस्तू नव्हती, नावाला चिकटलेली गोष्ट होती, म्हणून मोकळं करा असं म्हणावं लागलं. गांधीजींकडे तीन पदकं होती: दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धातलं, तिथल्याच झुलू बंडाच्या वेळचं आणि कैसर-ए-हिंद. पहिली दोन रुग्णवाहक पथकातल्या कामाची, तिसरं सार्वजनिक सेवेचं. ती त्यांनी सरळ परत पाठवली. त्या पत्राची तारीख १ ऑगस्ट १९२०. त्याच दिवशी मुंबईत लोकमान्य गेले.

गोपाळ कृष्ण गोखल्यांची गोष्ट याहून शांत आहे. १९०४मध्ये त्यांनी 'सीआयई' हा सन्मान स्वीकारला होता. तो 'ऑर्डर ऑफ द इंडियन एम्पायर'ची खालची पायरी, त्यात 'सर' लागत नाही. पुढे १९१४मध्ये 'सर' लागेल अशी वरची पायरी देऊ केली तेव्हा त्यांनी नाही म्हटलं. चिन्ह घेतलं आणि पदवी नाकारली. घटनेत कलम १८ लिहिलं जाण्याच्या पस्तीस वर्षं आधी एका माणसाने स्वतःपुरती ती रेघ ओढली होती.

परदेशी पदक घेणं म्हणजे मिंधं होणं का?

असं वाटणारे पूर्वीही होते. इंग्लंडच्या पहिल्या एलिझाबेथच्या एका उमरावाने पवित्र रोमन सम्राटाकडून 'काउंट'चा किताब घेतला तेव्हा राणीने त्याला कैदेत टाकलं. माझ्या कुत्र्यांच्या गळ्यात माझेच पट्टे असतील, असं ती म्हणाल्याचं सांगतात. स्वित्झर्लंडने तर १८४८च्या घटनेतच मंत्री, खासदार आणि सरकारी अधिकाऱ्यांना परदेशी सन्मान घ्यायला मनाई केली. तो देश स्वतःही कुणाला राष्ट्रीय ऑर्डर देत नाही.

तरीही आज दोन देशांतल्या या देवाणघेवाणीकडे मी लग्नातल्या मानपानासारखं पाहतो. व्याह्याला फेटा बांधला म्हणजे तो आपला नोकर झाला असं होत नाही. दोन घरांचं नातं चारचौघांत कबूल केलं, एवढाच त्याचा अर्थ. मानपानात जशी बरोबरी पाहतात तशी इथेही पाहतात. कुणाला कुठली पायरी द्यायची हे ठरवताना परराष्ट्र खाती बारकाईने विचार करतात, कारण खालची पायरी दिली तर तो अपमान ठरतो. अमेरिकेचंच पाहा. त्यांच्या 'लिजन ऑफ मेरिट'ला स्वतःच्या सैनिकांसाठी पायऱ्या नाहीत, परदेशी पाहुण्यांसाठी मात्र चार आहेत. राजशिष्टाचाराची ही गरज तिथेही टळली नाही.

परदेशी सन्मान स्वीकारणाऱ्या भारतीयाच्या नावात काही शिरत नाही, म्हणून तो कलम १८च्या तावडीत सापडत नाही. रतन टाटांना ब्रिटनने 'ऑर्डर ऑफ द ब्रिटिश एम्पायर'ची वरची पायरी दिली, आधी २००९मध्ये आणि मग त्याहून वरची २०१४मध्ये. ती मानद होती, त्यामुळे ते 'सर रतन' झाले नाहीत. सचिन तेंडुलकर यांना २०१२मध्ये 'ऑर्डर ऑफ ऑस्ट्रेलिया'चं मानद सदस्यत्व मिळालं, तेही तसंच. आणि गणवेशावर पदकं कोणत्या क्रमाने लावायची याची भारत सरकारची जी यादी आहे, तिच्यात भारतरत्न पहिलं, परमवीर चक्र दुसरं, अशोक चक्र तिसरं, आणि परदेशी पदकं अगदी शेवटी. घरचा मान आधी, पाहुण्यांचा नंतर.

मोरारजींचं उदाहरण इथे पुन्हा आठवतं. पद्म सन्मान बंद करणाऱ्या या माणसाला १९९०मध्ये पाकिस्तानने आपला सर्वोच्च 'निशान-ए-पाकिस्तान' दिला आणि पुढच्या वर्षी भारताने भारतरत्न. त्यांनी दोन्ही स्वीकारले. याला विसंगती म्हणणारे म्हणोत. वैर असलेल्या दोन देशांनी एका माणसाच्या बाबतीत एकमत दाखवलं, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

दिलेलं काढून घेता येतं का?

येतं. मंडळातून माणसाला काढता येतं, तसंच. रोमानियाचा हुकूमशहा निकोलाए चाउशेस्कू याला १९७८मध्ये ब्रिटनने एक मोठा मानद सन्मान दिला होता आणि डिसेंबर १९८९मध्ये त्याची राजवट कोसळताना तो काढून घेतला. झिंबाब्वेच्या रॉबर्ट मुगाबे यांना १९९४मध्ये दिलेला २००८मध्ये रद्द केला. फ्रान्सने तर जून २०२५मध्ये आपलेच माजी राष्ट्राध्यक्ष निकोला सार्कोझी यांना भ्रष्टाचाराच्या गुन्ह्यात शिक्षा कायम झाल्यावर लिजन ऑफ ऑनरमधून काढलं. आपल्याकडेही राष्ट्रपतींना पद्म सन्मान रद्द करण्याचा अधिकार आहे.

विकतही मिळतं का?

जिथे मान असतो तिथे बाजार येतो. १८८७मध्ये फ्रान्सच्या राष्ट्राध्यक्षांचा जावई लिजन ऑफ ऑनर पैसे घेऊन मिळवून देत असल्याचं उघड झालं आणि सासऱ्याला, जूल ग्रेवीला, पद सोडावं लागलं. ब्रिटनमध्ये पंतप्रधान लॉइड जॉर्जच्या काळात किताबांचे दर ठरले होते, म्हणून १९२५मध्ये असा व्यवहार गुन्हा ठरवणारा कायदा करावा लागला.

आपल्या गावागावांत हे वेगळ्या रूपात चालतं. 'आंतरराष्ट्रीय रत्न', 'राष्ट्रीय गौरव' अशा नावाचं पत्र येतं, सोबत नोंदणी शुल्काची रक्कम असते. प्रामाणिक शिक्षक, आशाताई, लहान उद्योजक यात पैसे घालतात आणि ते पाहून जीव तुटतो. राष्ट्रीय सन्मान फक्त राज्यसंस्था देते आणि त्यासाठी घेणाऱ्याकडून एक रुपयाही मागत नाही. पद्म सन्मानासोबत रोख रक्कमही नसते. राष्ट्रपतींच्या सहीची सनद आणि पदक, बस. पैसे मागितले की तो सन्मान नाही, इतकं सोपं आहे हे.

सावित्रीबाई खानोलकर

पदकांच्या या जगात एका बाईंचं नाव मराठी घरांत माहीत असायलाच हवं. १९१३मध्ये स्वित्झर्लंडमधल्या न्यूशातेल इथे जन्मलेली ईव्ह नावाची मुलगी भारतीय सैन्यातले अधिकारी विक्रम खानोलकर यांच्या प्रेमात पडली, त्यांच्याशी लग्न करून इथे आली आणि सावित्री झाली. संस्कृत, पुराणं, इथली चित्रकला, सगळं तिने आपलंसं केलं. स्वातंत्र्यानंतर नवी शौर्यपदकं घडवायची वेळ आली तेव्हा मेजर जनरल हिरालाल अटल यांनी ते काम तिच्याकडे सोपवलं.

व्हिक्टोरिया क्रॉसच्या जागी काय आणायचं? क्रूस तर नको. सावित्रीबाई दधीची ऋषींच्या कथेकडे गेल्या. देवांना वृत्राशी लढायला शस्त्र हवं म्हणून दधीचींनी देह ठेवला आणि त्यांच्या अस्थींपासून इंद्राचं वज्र घडलं. परमवीर चक्राच्या ब्राँझच्या गोलावर मध्ये राजमुद्रा आणि तिच्याभोवती ती चार वज्रं आहेत. फीत साधी जांभळी. महावीर चक्र, वीर चक्र, अशोक चक्र यांचे आराखडेही त्यांचेच. ज्या देशात त्या जन्मल्या तो देश ऑर्डरी देत नाही. आणि त्यांनी आपल्याला जे दिलं त्यात धर्मयुद्धाचा अंगरखा नाही, राजाचं मंडळ नाही, पायऱ्या लावून मिरवायचा पट्टा नाही. आपल्या हाडांचं शस्त्र करून देणारा एक ऋषी आहे.

पहिलं परमवीर चक्र मेजर सोमनाथ शर्मा यांना मरणोत्तर मिळालं. ते सावित्रीबाईंच्या थोरल्या लेकीचे दीर. आजवर एकवीस जणांना ते मिळालं आहे, त्यातले चौदा मरणोत्तर.

ट्रंकेतलं ते गोल

आता पणजोबांच्या त्या पदकाकडे. सातारा, सांगली, कोल्हापूर, कोकण, अहिल्यानगर या भागांत पहिल्या महायुद्धातली पदकं असलेली घरं खूप आहेत. साताऱ्याजवळच्या अपशिंग्यासारख्या गावाने तर त्या युद्धात सेहेचाळीस माणसं गमावली. घरात चांदीचं गोल पदक असेल, एका बाजूला राजाचं डोकं आणि दुसऱ्या बाजूला घोड्यावर बसलेला उघडा पुरुष असेल, तर ते बहुधा 'ब्रिटिश वॉर मेडल'. सैनिकांना चांदीचं मिळालं, मजूर पथकातल्या आणि सामान वाहणाऱ्या माणसांना ब्राँझचं. म्हणून ब्राँझचं निघालं तर ते खोटं किंवा कमी प्रतीचं समजू नका. पणजोबा बहुधा ओझी वाहणाऱ्यांत किंवा खोदकाम करणाऱ्यांत होते, इतकाच त्याचा अर्थ.

ते चिंचेने किंवा पावडरीने घासू नका. उजेडात आडवं धरा आणि कडेवरून, नाण्याची दातेरी कड असते त्या जागेवरून, नजर फिरवा. लहान इंग्रजी अक्षरांत तिथे क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. नावाचं स्पेलिंग चुकलेलं असेल, 'गणू'चं काहीतरी भलतंच झालेलं असेल. मोठ्याने वाचलं की ओळखू येतं. ते सगळं, क्रमांकासकट, एका वहीत उतरवून घ्या आणि घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला वाचून दाखवा.